तुम्ही विचारलंत म्हणून: पीएचडी केली, मग कॉलेजात का नाही?

हा प्रश्न मला लग्नात विचारतात, बँकेत विचारतात, भाजी घेताना विचारतात. परवा शेजारच्या काकूंनी विचारला, "डॉक्टर झाली न तू, मग कॉलेजात काऊन नाही शिकवत?" त्यांची मुलगी नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये रसायनशास्त्रात पीएचडी करते, तिसरं वर्ष चालू आहे. प्रश्न माझ्याबद्दल होता, काळजी तिची होती. दारात उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून आज लिहिते.

काकू, शिकवत होते मी. दोन वर्षं, तासिका तत्त्वावर. जितके तास घ्याल तितके पैसे, सुट्टीचे काही नाही, आणि दिवाळीआधी घेतलेल्या तासांचं मानधन मार्चमध्ये हातात. वर्गात उभं राहणं मला आवडायचं, अजून आवडतं. पण कायम जागेची जाहिरात निघेपर्यंत सगळं आयुष्य थांबवून ठेवणं मला जमेना. जे थांबले ते चुकले असं मी मुळीच म्हणणार नाही. कितीतरी कॉलेजांतले सायन्सचे वर्ग त्यांच्याच जिवावर चालतात.

आता मी पेटंट एजंट आहे. कुणी नवीन काही शोधलं की त्याचा अर्ज लिहायचा, पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाने आक्षेप काढले की उत्तर द्यायचं. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं त्या शोधावर हक्क राहतो, दुसऱ्याला तो परवानगीशिवाय वापरता येत नाही. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातात, तेही ऑनलाइन, त्यामुळे नागपूर सोडावं लागलं नाही.

"मग पीएचडी वाया गेली म्हणायची," असं इथे कुणीतरी म्हणतंच. माझा विषय होता पाण्यातलं फ्लोराइड काढणं. यवतमाळ, चंद्रपूरकडे अनेक गावांत हातपंपाच्या पाण्यात ते जास्त असतं. मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं आखडतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडियम फ्लोराइड घालून मी पाणी तयार करायचे आणि त्यात फ्लोराइड धरून ठेवणारी माझी पावडर सुरेख चालायची. माझ्या गाइड सरांनी आलेख पाहिला आणि एवढंच म्हणाले, "आता हातपंपाचं पाणी आण."

यवतमाळ जिल्ह्यातून दोन कॅन भरून आणले. पावडर घातली, फ्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोड बुडवला, आकडा स्थिरावेपर्यंत बघत राहिले. निम्मंही फ्लोराइड निघालं नव्हतं. त्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर होतं. त्याने सामू (pH) वर राहतो आणि पावडरीवरच्या जागा फ्लोराइडला मिळेनाशा होतात. हे उलगडायला चार महिने गेले. थिसिसमध्ये 'पावडर फ्लोराइड काढते' हे वाक्य मी खोडलं आणि किती सामूला, किती क्षारता असेपर्यंत, ते लिहिलं.

आज दिवसभर मी हेच करते. पेटंटच्या अर्जाचा जीव त्याच्या दाव्यांत असतो, नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या, शेवटी क्रमांक घालून लिहिलेल्या त्या वाक्यांत. दावा फार रुंद केला तर परीक्षक एखादा जुना पेपर पुढे ठेवून तो पाडतो. अरुंद केला तर दुसरा कारखानदार एक घटक बदलून मोकळा होतो. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआरने, म्हणजे देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करायला लावलं, ते जुने ग्रंथ आणि छापील पेपर पुढे ठेवूनच. आपल्या आज्यांना ठाऊक होतं, पण तिथे कागद लागला, आणि तो शोधायला वाचणारी माणसं लागली.

मागच्या वर्षी एक संशोधक मुलगा आला. काम फार चांगलं होतं. मी पहिला प्रश्न विचारला, "कुठे छापलंय का?" त्याने अभिमानाने मोबाइलवर पेपर उघडून दाखवला, आठ महिन्यांपूर्वीचा. पेटंट नव्या गोष्टीलाच मिळतं, आणि छापून आलं की नावीन्य संपतं. मोजके अपवाद आहेत, त्यात तो बसत नव्हता. हे सांगताना माझाच घसा दाटला. मग आम्ही त्याची प्रयोगवही पान पान पाहिली. पेपरनंतर त्याने एक सुधारणा केली होती, ती कुठेच गेली नव्हती. अर्ज तिचा केला.

माझ्या बॅचची एक मैत्रीण न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आहे. मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवलेला व्हिसेरा, म्हणजे मृतदेहातल्या अवयवांचे नमुने, तिच्याकडे येतो आणि त्यात विष आहे की नाही ते ती सांगते. ती म्हणते, आपल्या वेळी प्रयोग फसला तर पुन्हा करायचो, इथे नमुना संपला की संपला. कोर्टात वकील तासभर उलटतपासणी घेतात आणि ती मराठीत शांतपणे उत्तरं देते. एक जण बियाणे कंपनीत आहे, खरिपात कपाशीतल्या बोंडअळीच्या मागे शेतोशेत फिरतो. एक घरी बसून शास्त्रीय लेख संपादित करते. एक जण अजून परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करतोय आणि त्याला तेच हवं आहे.

यातली कुठलीच वाट पदवी दाखवून उघडली नाही. पेटंट एजंटच्या परीक्षेला तर पीएचडी लागतच नाही, सायन्सची साधी पदवी पुरते. शंभर-शंभर गुणांचे दोन पेपर, मग तोंडी परीक्षा, आणि एकूण ६० टक्के हवेत. मी त्यासाठी वर्षभर अभ्यास केला. तिशी ओलांडल्यावर ट्रेनी म्हणून लागले आणि सात वर्षांनी लहान मुलीकडून ड्राफ्टिंग, म्हणजे अर्ज लिहिणं, शिकले. पगार सुरुवातीला फेलोशिपपेक्षाही कमी होता. काकू, हे मी लपवणार नाही. तुमच्या मुलीला आधीच कळायला हवं. तिसऱ्या वर्षी कळलं तर हातात वेळ असतो, थिसिस दिल्यावर कळलं तर नसतो.

तिला रविवारी सकाळी माझ्याकडे पाठवा. पेपर पाठवायच्या तयारीत असेल तर तो तेवढा थांबवायला सांगा, आणि येताना प्रयोगवही आण म्हणावं.