गुड फ्रायडेची मोजणी

आम्हा कॅथलिकांत गुड फ्रायडेला मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस पवित्र करण्याची उपासना, होत नाही, पण कम्युनियन, म्हणजे ती पवित्र भाकर घेणं, असतं. त्यासाठी लागणाऱ्या होस्ट, म्हणजे भाकरीच्या पातळ गोल चकत्या, आदल्या संध्याकाळी, पवित्र गुरुवारच्या मिस्सेतच पवित्र करून ठेवाव्या लागतात. पूर्वी या दिवशी फक्त धर्मगुरू कम्युनियन घेत. १९५५ मध्ये पोप पायस बारावे यांनी पवित्र आठवड्याच्या विधीत सुधारणा केली, तेव्हापासून लोकांनाही मिळू लागलं. म्हणून गुरुवारी दुपारी सॅक्रिस्टीत (चर्चमधल्या तयारीच्या खोलीत) होस्ट मोजून सिबोरियम (होस्टचं झाकणाचं भांडं) भरणं हे सॅक्रिस्टनचं, म्हणजे विधीची तयारी करणाऱ्या माझ्यासारख्याचं, वर्षातलं सगळ्यात जोखमीचं काम. कमी पडल्या तर शुक्रवारी नव्या पवित्र करता येत नाहीत.

गुरुवारच्या मिस्सेआधी टॅबरनॅकल, म्हणजे पवित्र केलेल्या होस्ट ठेवायची पेटी, पूर्ण रिकामं हवं, त्यामुळे जुन्या शिलकीचा आधार नाही. आमचं मिशन मेळघाटाच्या पायथ्याशी. गुरुवारी रात्री परतायला एसटी नसते, म्हणून लोक कमी येतात. शुक्रवारी पहाटे मोह वेचून झाला की सगळी गावं निघतात. गुरुवारचे ऐंशी, शुक्रवारचे अडीचशे, आजाऱ्यांसाठी चार आणि वर सोळा, अशा साडेतीनशे होस्ट मी दहा-दहाच्या थप्प्या लावून दोनदा मोजल्या. पाकीट आदल्या दिवशीच फोडायचं नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत होस्ट वाळून कडक होते आणि हात लागताच तिचा चुरा होतो. पावसाळ्यात उलट, मऊ पडून एकमेकींना चिकटतात.

शुक्रवारी तीनला विधी सुरू झाला. योहानाच्या शुभवर्तमानातलं येशूच्या दुःखसहनाचं वर्णन वाचून होत असताना फाटकाशी दोन ट्रॅक्टर थांबले. शेजारच्या मिशनचे फादर बुधवारपासून तापाने आजारी होते, तिथे गुरुवारची मिस्साच झाली नव्हती. लोक आमच्याकडे आले यात गैर काहीच नाही. पण तिथल्या कमिटीतल्या एकाने सकाळी फोन केला असता तर तीस किलोमीटरवरच्या चर्चमधून पवित्र केलेल्या होस्ट दुपारपर्यंत आणता आल्या असत्या. सणाला मंडपवाल्याला चार-चार फोन करणारी ही मंडळी याच बाबतीत गप्प कशी बसतात, हे मला आजवर समजलेलं नाही.

दहा प्रार्थना झाल्या. क्रुसाचं चुंबन घ्यायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. क्रूस एकच ठेवायचा असतो, त्यामुळे रांगही एकच. कम्युनियनला मी फादरांच्या उजव्या हाताला पेटेन, म्हणजे पडलेला कण झेलायची ताटली, धरून उभा होतो. सिबोरियममध्ये वीसेक होस्ट राहिल्या, तेव्हा मागे अजून ऐंशीच्या वर माणसं होती. मी हळूच सांगितलं. फादरांनी लगेच तोडायला सुरुवात केली, एकीचे चार तुकडे. बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पाचवा तुकडा निघत नाही, चुरा होतो, आणि त्या चुऱ्यातला प्रत्येक कणही प्रभूचं शरीरच असतं, तो सांडता कामा नये. एका आजीने तळहातावरच्या तुकड्याकडे पाहून विचारलं, “फादर, मले पुरी काऊन नाई देल्ली?” फादर म्हणाले, “आजी, यात ख्रिस्त पूर्णच आहे.” आजीने तिथेच तो खाल्ला आणि हात जोडले.

शेवटी पाच जण राहिले, पाचही ट्रॅक्टरने आलेले. वेदीवर आजाऱ्यांची पिक्स (घरोघरी होस्ट न्यायची छोटी डबी) होती, तिच्यात चार होस्ट. मी ती फादरांसमोर धरली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पाचही जण रिकाम्या हाताने जागेवर जाऊन बसले.

फादरांचं म्हणणं मला ठाऊक आहे. जे येऊ शकत नाहीत त्यांचा वाटा जे आले त्यांना द्यायचा नाही. शिवाय फुटलेली होस्ट पिक्समध्ये घालून मोटरसायकलवर आमच्या रस्त्याने न्यायची म्हणजे पोचेपर्यंत भुगाच.

पण संध्याकाळी पहिल्याच घरी काय झालं ते सांगतो. माणूस शेवटच्या घटका मोजत होता, चमचाभर पाण्यापलीकडे काही गिळता येत नव्हतं. फादरांनी होस्टचा ज्वारीच्या दाण्याएवढा कण तोडून चमचाभर पाण्यातून दिला. अशा रुग्णाला असंच देतात. उरलेली होस्ट त्यांनी स्वतः घेतली, कारण गुड फ्रायडेला आजारी सोडून इतरांना कम्युनियन फक्त विधीतच देता येतं, घरच्यांना देता येत नाही. म्हणजे चर्चमध्ये त्याच होस्टचा एक तुकडा पिक्समध्ये राखून बाकी वाटलं असतं, तर या माणसाला काहीही कमी पडलं नसतं. दुसऱ्या एखाद्या होस्टचेही तुकडे केले असते, तर पाचही जणांना पुरलं असतं.

परत येताना मी फादरांना हे विचारलं. ते म्हणाले, “तो गिळू शकणार नाही हे तीन वाजता तुला माहीत होतं का?” माहीत नव्हतं. पण पिक्स घेऊन निघण्याआधी घरच्यांना एक फोन करून पेशंट काय गिळू शकतो ते विचारता येतं, आणि ते दुपारीच विचारायला हवं, असं माझं मत आहे. फादरांना ते अजून पटलेलं नाही. यंदा झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी, मी प्रत्येक गावच्या प्रमुखाकडून आकडा लिहून घेणार आहे, शेजारच्या मिशनचासुद्धा, आणि त्यावर शंभर जास्त भरणार आहे. शुक्रवारी उरल्या तर चर्चबाहेरच्या खोलीत जपून ठेवता येतात. शनिवारी त्या फक्त मरणासन्न माणसालाच देता येतात, बाकीच्या ईस्टरच्या रविवारी वाटता येतात.