जिन्यावरचे कासव

‘के-ऑन!’ या जपानी अ‍ॅनिमे (म्हणजे अ‍ॅनिमेशन) मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या नावात एक उद्गारचिन्ह आहे आणि दुसऱ्या पर्वाच्या नावात दोन. नावापुरता बदल एवढाच. शाळा तीच, मुली त्याच, चहाचे पेलेसुद्धा तेच. त्यामुळे दुसरे पर्व प्रथम पाहायला घेतले तेव्हा ही चालत्या दुकानाची नवी शाखा असणार असे मी गृहीत धरले, आणि एका रविवारी सलग सहा-सात भाग पाहून, यात काहीच घडत नाही असा निकाल देऊन ते सोडूनही दिले. काही वर्षांनी पुन्हा हाती घेतले ते मात्र रोज रात्री जेवणे उरकल्यावर एकच भाग पाहायचा, या बेताने. तेव्हा लक्षात आले की, काही घडत नव्हते असे नाही. ज्या वेगाने घडत होते त्या वेगाने पाहण्याची माझी तयारी नव्हती.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून द्यायला हवी. मालिकेचे नाव ज्यावरून आले त्या ‘केइओन्गाकु’ या जपानी शब्दाचा शब्दशः अर्थ हलके संगीत. आपल्याकडे आकाशवाणीने ‘सुगम संगीत’ हा शब्द रुजवला, त्याचा हा दूरचा चुलतभाऊ म्हणता येईल, फक्त जपानी शाळांमध्ये त्याचा अर्थ गिटार, ड्रम आणि कीबोर्ड घेऊन बँड करणे असा होतो. कथेची नायिका युई या शब्दालाच फसते. हलके म्हणजे सोपे, अशा समजुतीने ती शाळेच्या संगीत मंडळात नाव घालते, आणि वाजवता काय येते म्हणून पाहावे, तर लहान मुलांच्या वर्गात वाजवतात त्या लाकडी टाळ्या. ड्रम वाजवणारी धांदरट रित्सु, बेस गिटार डाव्या हाताने वाजवणारी भित्री मिओ, रोज घरून उंची केक आणि चहा आणणारी श्रीमंत घरची मुगी, आणि या चौघींहून एक वर्ष मागे असलेली, खरोखर सराव करू इच्छिणारी अझुसा, असा पाच जणींचा हा बँड. त्यांनी आपले नाव ‘शाळेनंतरचा चहा’ अशा अर्थाचे ठेवले आहे, आणि सरावापेक्षा चहा अधिक होतो हे पाहता नाव प्रामाणिक आहे.

आता मुद्दा वेगाचा. 2009 सालच्या पहिल्या पर्वाने मुख्य 12 भागांत मुलींची शाळेतली दोन वर्षे उरकली. एप्रिल ते सप्टेंबर 2010 या काळात दाखवलेल्या दुसऱ्या पर्वाने मात्र उरलेल्या एकाच वर्षासाठी 24 भाग घेतले. म्हणजे एका वर्षाला पूर्वीच्या चौपट जागा दिली. मूळ कथा काकीफ्लाय या टोपणनावाच्या चित्रकाराची, चार-चार चौकटींत विनोद संपवणारी चित्रमालिका. तिच्यातल्या एखाद्या पानभर गमतीवर पंचवीस मिनिटांचा भाग उभा करायचा, तर तिच्याभोवती ऊन, पाऊस, वाऱ्याने हलणारे पडदे आणि निवांत बसलेली माणसे भरावी लागतात. दिग्दर्शिका नाओको यामादा यांनी ही भरच मालिकेचा गाभा केली. पहिले पर्व हाती आले तेव्हा त्या अवघ्या 24 वर्षांच्या होत्या, हे मला दर वेळी नव्याने नवल वाटायला लावते.

या शाळेची इमारत काल्पनिक नाही. शिगा प्रांतातील तोयोसातो गावच्या जुन्या प्राथमिक शाळेवरून ती जशीच्या तशी उचललेली आहे. विल्यम मेरेल व्होरिस या जन्माने अमेरिकन वास्तुविशारदाने आखलेली आणि 1937 साली बांधून झालेली ही वास्तू पुढे पाडण्याचा घाट घातला गेला होता; गावकऱ्यांनी भांडून ती वाचवली. तिच्या जिन्याच्या कठड्यावर ससा आणि कासव यांच्या छोट्या पितळी मूर्ती बसवलेल्या आहेत, आणि पायऱ्या चढत जाव्या तसतशी ती गोष्टही आपल्याबरोबर वर चढत जाते. मालिकेत मंडळाची खोली या जिन्याच्या वरच्या टोकाला आहे. त्यामुळे खोलीकडे जाणारी प्रत्येक मुलगी त्या कासवाला ओलांडून जाते, आणि कॅमेरा ते कासव इतक्या वेळा दाखवतो की, पहिले पर्व सशाचे होते आणि हे कासवाचे आहे, असे मला वाटू लागले. यामादा यांच्या मनात तसे होते किंवा नव्हते, याची मला फिकीर नाही.

शिवाय दुसऱ्या पर्वात एक खरे कासव येतेच. खोलीची साफसफाई करताना त्यांच्या शिक्षिका सावाकोबाईंची विद्यार्थिदशेतली गिटार सापडते; ती विकायला नेली असता दुकानदार तिचे 5 लाख येन मोजतो, आणि हा आकडा बाईंपासून लपवण्याच्या नादात रित्सु चक्क पावती गिळू पाहते. या सगळ्या गोंधळाच्या शेवटी खोलीत येते ते काचेच्या टाकीतले, डुकरासारख्या नाकाचे एक कासव. त्याचे नाव तोन. नव्या वर्षी मंडळात एकही नवी मुलगी आलेली नाही, आणि धाकटे असे कोणीच नसलेल्या अझुसाला निदान एक धाकटा सदस्य मिळावा म्हणून तोनची नेमणूक आहे. भाग पाहताना मी हसलो. ही चौघींनी आपल्या माघारी केलेली सोय आहे, हे कळायला मला आणखी वीस भाग लागले.

कारण हे पर्व निघून जाणाऱ्या चौघींपेक्षा मागे राहणाऱ्या एकीचे आहे. चौथ्या भागात थोरल्या मुली शाळेच्या सहलीला क्योतोला जातात. मालिका बनवणारा क्योतो अ‍ॅनिमेशन हा स्टुडिओ त्याच प्रांतातला, तेव्हा चित्रकारांनी या भागात आपलेच घर पाहुण्यांच्या डोळ्यांनी काढले आहे. पाचवा भाग त्याच दिवसांतला, पण मागे राहिलेल्या अझुसाचा. ताया परगावी गेल्यावर अंगण कसे वाटते, ते त्यात आहे. परत येताना चौघी पाच किल्लीसाखळ्या आणतात. प्रत्येकीवर एकेक जपानी अक्षर आहे आणि पाचही जुळवली की ‘के-इ-ओ-न्-बु’, म्हणजे हलक्या संगीताचे मंडळ, असा शब्द होतो. अझुसाच्या वाट्याला ‘बु’ हे अक्षर येते. चौघींकडची अक्षरे एकेकटी निरर्थक आहेत. ‘बु’चा मात्र या शब्दात ‘मंडळ’ असा अर्थ आहे. पुढच्या मार्चमध्ये चौघी आपापले अक्षर घेऊन निघून जातील आणि मंडळ हिच्या दप्तराला लटकलेले राहील. मालिकेत हे कोणी बोलून दाखवत नाही, आणि मीही कदाचित गरजेपेक्षा जास्त वाचत असेन.

मधल्या भागांची गोष्ट सांगण्यासारखी नाही, कारण ती जवळजवळ नाहीच. एक भाग पावसाळ्याचा, त्यात युई आपली गिटार कोरडी राहावी म्हणून स्वतः चिंब भिजते. एक उकाड्याचा, त्यात खोलीला वातानुकूलन मिळावे म्हणून खटपट चालते. एकात रित्सु आणि मुगी उगाच दिवसभर भटकतात. आपल्याकडे शाळेचे वर्ष जूनच्या पावसाबरोबर सुरू होते. जपानमध्ये ते एप्रिलमध्ये साकुराच्या, म्हणजे तिथल्या चेरीच्या फुलांच्या, बहराबरोबर सुरू होते आणि जूनचा पाऊस येतो तेव्हा दोन महिने संपलेले असतात. तरीही छत्र्या, ओले मोजे आणि वर्गात कोंदलेला दमट वास यांची ओळख पटायला मराठी प्रेक्षकाला काहीच त्रास पडत नाही. यामादा यांची एक सवय या भागांत विशेष दिसते. चेहरा दाखवण्याच्या जागी त्या पाय दाखवतात. अवघडलेली, लाजलेली किंवा कंटाळलेली मुलगी टाचा कशा उचलते, बोटे कशी आत वळवते, यावरून तिच्या मनातले कळते, आणि संवाद वाचतो. माणसांचे चालणे इतके पाहिलेल्या, निगुतीने काम करणाऱ्या या स्टुडिओला 18 जुलै 2019 रोजी एका माणसाने आग लावली आणि 36 जण मृत्युमुखी पडले. तेव्हापासून हे भाग पाहताना, यातले कोणते पाऊल कोणाच्या हातचे असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पर्वात दोष नाहीत असे नाही. मुलींना भलतेसलते पोशाख घालायला लावण्याचा सावाकोबाईंचा सोस पहिल्याच पर्वात पुरेसा झाला होता. आईवडील जवळजवळ अदृश्य आहेत. घर चालवते ती युईची धाकटी बहीण उई, आणि तिच्या कष्टांचे सगळेजण कौतुक करतात, पण वाटून कोणी घेत नाही. मुगीच्या घरचा पैसा हा केवळ केकचा झरा आहे. प्रवेशपरीक्षेचे वर्ष असूनही ताण बेताचाच दिसतो, आणि चौघींनाही एकाच महिला विद्यापीठात प्रवेश मिळतो, ही तर कथेने केलेली सरळसरळ मेहेरबानी आहे. सर्वांत खटकते ते असे की, 24व्या भागात कथा संपल्यानंतर पुन्हा मागच्या काळातले दोन जादा भाग येतात. मांडवातून पाहुणे निघून गेल्यावर कोणी पुन्हा पंगत वाढायला घ्यावी, तसे ते वाटते. ते आधी पाहावेत किंवा वर्षभराने.

या कासवगतीचा हिशेब चुकता होतो तो 20व्या भागात. शाळेचा सांस्कृतिक महोत्सव, म्हणजे आपल्या भाषेत गॅदरिंग, आणि या पाच जणींचा शाळेतल्या मंचावरचा शेवटचा कार्यक्रम. पडदा उघडतो तेव्हा समोरच्या सगळ्या मुलींनी या बँडचे नाव छापलेले टी-शर्ट घातलेले असतात. ही सावाकोबाईंची करामत, आणि येथे त्यांचा पोशाखांचा सोस प्रथमच कामी येतो. गाण्यांत एक आहे ‘भात हेच कालवण’ अशा अर्थाचे, भाताबरोबर काय काय छान लागते याची यादी करणारे, आणि आमटीभातावर वाढलेल्या माणसाला त्यावर हसताही येत नाही, इतके ते पटते. युई बोलताना अडखळते, विषय सोडून भरकटते. मालिकेने गाणी पूर्ण वाजू दिली आहेत आणि बोलणेही कापलेले नाही.

पण माझ्या लेखी खरा प्रसंग त्यानंतरचा. कार्यक्रम संपला आहे, पाचही जणी मंडळाच्या खोलीत भिंतीला टेकून जमिनीवर पाय पसरून बसल्या आहेत आणि खिडकीतून संध्याकाळचे ऊन आत आले आहे. बोलणे चालू आहे ते पुढच्या बेतांचे: नाताळ, नवे वर्ष, मग नव्या मुलींचे स्वागत, मग पुढच्या वर्षीचा महोत्सव, तेव्हा आणखी चांगले वाजवू. आणि मध्येच कोणीतरी म्हणते की, पुढचा महोत्सव नाही. हे त्या सगळ्यांना पहिल्या भागापासून माहीत होते, मलाही होते. तरी त्या जशा एकदम रडू लागतात तसे रडू येण्यासाठी आधीचे एकोणीस भाग तसेच रिकामटेकडे असावे लागतात. मी पूर्वी सलग पाहून कंटाळलो होतो तो पाऊस, तो उकाडा, तो चहा, यांची किंमत मला येथे कळली. दहावीच्या निरोप समारंभात पेढा खाऊन झाल्यावर, उद्यापासून या बाकावर दुसरे कोणी बसणार हे लक्षात येऊन, वर्गातला सर्वांत व्रात्य मुलगा बाक पुसत बसला होता. त्याची मला त्या रात्री आठवण झाली.

परीक्षा आणि निकाल हे भाग चटकन उरकतात, तेच योग्य. 23व्या भागात वर्ग संपलेले आहेत, शाळेत येण्याचे कारण उरलेले नाही, तरी चौघी येतात आणि आपली सगळी गाणी एका कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून ठेवतात. 2010 साली कॅसेट जुनीच झाली होती. पण मुगी चहाचे पेले मांडते, तो किणकिणाटही मग टेपवर येणार, हे पाहून मला हेच साधन बरोबर वाटले.

शेवटच्या भागात पदवीदानाच्या दिवशी अझुसा आधी शहाण्यासारखी वागते, अभिनंदन करते, आणि मग तिला ते पेलवत नाही. जाऊ नका, असे ती रडत म्हणते. चौघी तिला खुर्चीवर बसवतात आणि तिच्यासाठी लपूनछपून रचलेले गाणे वाजवतात. आजवर ती त्यांच्याबरोबर वाजवत असे. समोर बसून त्यांना ऐकण्याची तिच्यावर या खोलीत पाळी आली आहे. गाणे संपते. ती डोळे पुसते, टाळ्या वाजवते आणि म्हणते, “तुम्ही फारसे चांगले वाजवत नाही हो.” मग लगेच, पण मला अजून ऐकायचे आहे. आणि त्या पुन्हा वाजवायला घेतात.