पांढरं काहीतरी

मनीप्लांटच्या पानांवर पांढरे ठिपके दिसले आणि मी तीन आठवडे त्या बिचाऱ्याला कडुनिंबाच्या तेलानं न्हाऊ घातलं. दर रविवारी संध्याकाळी लिटरभर पाण्यात चमचाभर तेल, वर भांड्याच्या साबणाचे चार थेंब. घरभर तो कडू वास. ठिपके हलले नाहीतच, उलट वाढले.

शेवटी निफाडच्या मामाला फोटो पाठवला. मामाची द्राक्षबाग आहे. भुरी ही बुरशी आणि पिठ्या ढेकूण ही कीड, या दोघांनी वेगवेगळ्या हंगामांत त्याला रडवलंय, म्हणून मला वाटलं यांतलंच एक नाव सांगून मोकळा होईल. त्यानं फोन करून विचारलं, "बोट फिरवलंस का पानावरून?"

नव्हतं फिरवलं. फोटो मात्र सात काढले होते.

"भुरी पिठासारखी असती, बोटाला लागती. पिठ्या कापसाच्या बोंडासारखा, चिरडला की बोट चिकट होतं. तुझं काय होतंय?"

काहीच होत नव्हतं. बोट कोरडं. नखानं खरवडल्यावर बारीकसा पापुद्रा निघाला.

"पाणी कुठलं घालतेस?"

इथे मला आमच्या नळाच्या तोंडाला आलेली पांढरी दाढी आठवली. मार्चपासून सोसायटीत टँकर आहेत, बोअरच्या पाण्याचे. गीझरची कॉइल त्यातच गेली. तेच पाणी रोज सकाळी मी मोठ्या मायेनं स्प्रेच्या बाटलीतून पानांवर मारत होते. पाणी उडून जायचं आणि त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार पानावर बसायचा. औषधाची फवारणीही त्याच पाण्यातली, म्हणजे रविवारी क्षाराचा जादा हप्ता. पेलाभर पाण्यात थोडं लिंबू पिळून मऊ फडक्यानं पानं पुसली, मग आरओच्या पाण्यानं धुतली. अर्ध्या तासात तीन आठवड्यांचा आजार गेला. आता पाणी फक्त मातीत.

मामा एवढ्यावर थांबला नाही. "बाकीच्या झाडांवर मुंग्या चढतायत का बघ."

चढत होत्या. बाल्कनीतल्या जास्वंदीच्या खोडावरून चांगली रांग लागली होती, गणपतीच्या आधी जशी दुकानांसमोर लागते तशी. मी ती रोज बघत होते आणि 'फुलांत मध असेल' म्हणून सोडून देत होते. पान उलटं केलं. देठाच्या बेचक्यात कापूस चिकटलेला, आणि तो कापूस किंचित हलत होता. अंगावर काटा आला. पिठ्या ढेकूण झाडाचा रस ओढतो आणि मागून गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याला गुरांसारखं राखतात, या फांदीवरून त्या फांदीवर नेऊनसुद्धा ठेवतात. म्हणजे आजारी झाड वेगळं आणि मी औषध देत होते वेगळ्यालाच.

पिठ्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, नुसतं पाणी घसरून जातं. म्हणून तेलात साबण. पण आधी करोनात आणलेली आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली शोधली, कान साफ करायच्या काडीचा कापूस त्यात बुडवला आणि एकेकाला टिपत बसले. कापूस पिवळट होतो. हे काम किळसवाणं आहे आणि, कबूल करते, फार समाधानाचंही आहे. लडबडलेले दोन शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकले. मग तेलाची फवारणी, ऊन उतरल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंनी. ती दर आठवड्याला, कारण अंड्यांतून नवी पिढी निघतच राहते.

(भुरी मला गेल्या डिसेंबरात गुलाबावर भेटली होती. तिला पाऊस लागत नाही, कोरडे दिवस आणि गार रात्री पुरतात. ती गंधकानं आवरते. मात्र तेल आणि गंधक पाठोपाठ मारलं तर पानं करपतात. हे कसं कळलं ते विचारू नका.)

काल चौथी फवारणी करायला गेले तर जास्वंदीच्या पानावर एक मोठा ढेकूण. इतरांच्या दुप्पट, अंगभर पांढऱ्या झिपऱ्या, आणि चक्क पळत होता. अल्कोहोलची काडी उचलली, पण पिठ्या इतका पळत नाही, म्हणून आधी मामाला व्हिडिओ पाठवला. लगेच उत्तर आलं.

"हात लावू नको. ती ढालकिड्याची अळी आहे. पिठ्या खाती. आपला माणूस."

पंप धुऊन परत कपाटात ठेवला.