लिफ्टमधील मनाई आणि माझ्या मुलाचा हक्क

इंदूरमधील आमच्या मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, एकच लिफ्ट आहे आणि आमचे घर सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) असून मोती, म्हणजे आमचा कुत्रा, सोबत असल्याखेरीज तो लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. म्हणून रहवासी संघाने कुत्र्यांना लिफ्टबंदीची सूचना लावली, तेव्हा बंदी खरे तर त्याच्यावरच आली.

परिचितांनी मोती हा ‘इमोशनल सपोर्ट’ म्हणजे भावनिक आधार देणारा प्राणी असल्याचे ऑनलाइन प्रमाणपत्र घेण्यास सुचवले. त्यावर कोणीही पैसे घालवू नयेत, असे मी कळकळीने सांगेन. अशा प्राण्यांना आपल्या कायद्यात वेगळे स्थान नाही. अमेरिकेतही त्यांना सहाय्यक प्राणी मानण्याचे विमान कंपन्यांवरील बंधन जानेवारी २०२१ मध्ये संपले.

मोतीला लिफ्टमध्ये नेऊ द्यावे, या संघाकडील अर्जाला मी दोन स्वतंत्र आधार दिले. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रहिवासी संघटनेला पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी वेगळे शुल्कही घेता येत नाही. दुसरा आधार मला अधिक मोलाचा वाटतो. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे, आणि त्यातील भेदभावाच्या व्याख्येत वाजवी सोय नाकारणेही येते. त्यामुळे मागणी मुलाच्या नावाने, त्याच्या ये-जा करण्यासाठी केली. सोबत त्याचे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचे ओळखपत्र), मोतीच्या रेबीज लसीकरणाची नोंद आणि डॉक्टरांचे पत्र जोडले. पत्रात कुत्र्याचे कौतुक नको, तो नसताना मुलाला नेमके काय जमत नाही तेवढे लिहा, अशी विनंती मी डॉक्टरांना केली होती. सभेत सर्वांनी शांतपणे वाचले ते हेच पत्र.

शेजारच्या काकूंना कुत्र्याची भीती वाटते आणि ती खरी आहे. त्या लिफ्टमध्ये असतील तर आम्ही पुढच्या फेरीसाठी थांबू, मोती कायम पट्ट्याने बांधलेला असेल, हे आम्ही स्वतःहून लिहून दिले. सचिवांनी तोंडी होकार दिला होता, तरी समिती बदलली की असा होकार टिकत नाही, म्हणून ठराव कार्यवृत्तात नोंदवून घेण्याचा आग्रह मी सोडला नाही. त्याची सही-शिक्क्याची प्रत फाटकावरील चौकीदाराकडेही ठेवली आहे, कारण नवा चौकीदार आला की पहिली अडवणूक तिथेच होते.