लोकलची स्क्रिप्ट: पायवर लाल होणारी टेस्ट अखेर हिरवी

सापडलं! लोकलच्या वेळा आणि स्टेशनांची नावं तक्त्यात मांडणारी माझी एक स्क्रिप्ट आहे. तिच्या तक्त्याची रुंदी तपासणारी टेस्ट, लॅपटॉपवर पास आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फेल, आता दोन्हीकडे पास होते.

पाय ज्यावरून चालतो त्या एसडी कार्डाचाच दोष असेल असा ज्यांना संशय होता त्यांच्यासाठी: कार्ड ठणठणीत आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलंय, आणि असल्या वस्तू हातात घेऊन, पारखून घ्यायच्या तर अजूनही तिथेच जावं.

खरी भानगड ऑकची, म्हणजे मजकूर ओळीओळीने हाताळणाऱ्या प्रोग्रामची. त्याच्या आवृत्त्या अनेक. लॅपटॉपवर ऑक म्हणजे जीऑक, पायवरच्या डेबियन लिनक्समध्ये एमऑक. अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं. ‘दादर’ची लांबी जीऑक 4 सांगतो, पायवरचा एमऑक बाइट मोजतो, म्हणून 12. नाव कापताना तर कहरच. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ 10 वर कापलं की जीऑक ‘छत्रपती शि’ देतो. एमऑकचे 9 बाइट ‘छत्’मध्येच संपतात, दहावा बाइट ‘र’चा पहिला तुकडा, आणि पडद्यावर प्रश्नचिन्हाची काळी चौकट.

खात्री पटली ती लॅपटॉपवर एलसी_ऑल=सी लावून (या सेटिंगने जीऑकही बाइटच मोजतो) जीऑक चालवल्यावर. तिथेही टेस्ट हुबेहूब तशीच पडली! टेस्ट पडल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

पायवर जीऑक टाकला की प्रश्न मिटतो, पण मला ते पटत नाही. एमऑक छोटा आणि सुसाट आहे, आणि स्क्रिप्ट ज्याच्या-त्याच्या मशीनवर आहे त्या ऑकवर चालली पाहिजे. म्हणून सगळीकडे एलसी_ऑल=सी ठेवून नावाच्या प्रतीतून \200 ते \277 (हे आकडे अष्टमान पद्धतीतले) मधले बाइट जीसब या ऑकच्या शोधून-बदलणाऱ्या फंक्शनने उडवले आणि उरलेले मोजले. हे बाइट चिन्हाच्या सुरुवातीला कधीच येत नाहीत, त्यामुळे ‘दादर’ दोन्ही ऑकमध्ये 4.

टेस्ट हिरवी झाली खरी, पण ‘कुर्ला’ची 6 चिन्हं पडद्यावर 6 घरं घेत नाहीत. उकार आणि हलन्त स्वतःची जागा अडवत नाहीत, म्हणजे तक्ता डोळ्यांना वाकडाच.

आणि हे लिहिता लिहिताच सुचतंय: नाव ओळीच्या शेवटी का नको? पुढे रेल्वेचा स्टेशन कोड, मग वेळ, मग नाव. कोड रोमन अक्षरांतले, एका अक्षराला एक बाइट; कुर्ल्याचा सीएलए, ठाण्याचा टीएनए. नाव कापायचंही नाही, रुंदीसाठी रिकाम्या जागांनी भरायचंही नाही. वर दोन दादरांचा गोंधळही सुटतो, कारण मध्य रेल्वेच्या दादरचा कोड डीआर आणि पश्चिम रेल्वेच्या दादरचा डीडीआर. मग वरचं जीसब आजच काढून टाकतो.

राहिली सॉर्टची, म्हणजे नावं क्रमाने लावण्याची टेस्ट. सी लोकेलमध्ये, म्हणजे एलसी_ऑल=सी असताना, ‘ळ’ येतो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये, आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर. तिथे मी स्टेशन कोडप्रमाणे लावून मोकळा होणार नाही. नावांची यादी मराठी क्रमानेच हवी. कुणाकडे मॅक असेल तर तिथला सॉर्ट ‘ळ’ कुठे ठेवतो ते नक्की कळवा.