पोकेमॉनमध्ये रडण्यासारखं असतं तरी काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नवा नाही. "तिशी उलटली, पोटापाण्याला लागलात, आणि त्या पिवळ्या उंदराचं कार्टून बघून डोळे पुसता?" ऑफिसात डबे उघडल्यावर कुणीतरी विचारतंच, आणि लग्नकार्यात मावश्याही. मावश्यांना मी हसून टाळतो. इथे जरा सविस्तर सांगतो.

ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. पोकेमॉन म्हणजे काल्पनिक प्राणी: त्यांना पकडायचं, वाढवायचं, एकमेकांशी लढवायचं, आणि वाढता वाढता त्यांचं रूप आणि नावही बदलतं. १९९६ साली जपानमध्ये गेमबॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी पोकेमॉनचे दोन गेम आले, रेड आणि ग्रीन. ते बनवणाऱ्या सातोशी ताजिरीला लहानपणी किडे पकडायचं वेड होतं, तेच त्याने खेळात आणलं. १ एप्रिल १९९७ला टीव्हीवरची मालिका सुरू झाली: दहा वर्षांचा ॲश, त्याचा पिकाचू (तोच पिवळा उंदीर) आणि संपता संपत नाही असा प्रवास. आपल्याकडे ती कार्टून नेटवर्कवर हिंदीत आली. चिप्सच्या पाकिटात टॅझो, म्हणजे पोकेमॉनची चित्रं असलेल्या चकत्या, निघायचे आणि मधल्या सुट्टीत बाकावर त्यांचा बाजार भरायचा. आग ओकणाऱ्या चारिझार्डच्या एका टॅझोसाठी लोक पाच-पाच टॅझो मोजायचे. असो.

रडवणारा प्रसंग कोणता, असं दहा चाहत्यांना विचारलंत तर बहुतेक जण बटरफ्रीचं नाव घेतील. ॲशने स्वतः पकडलेला पहिला पोकेमॉन म्हणजे एक सुरवंट. त्याचा कोष झाला, कोषातून फुलपाखरू निघालं आणि एकविसाव्या भागात ते आपल्या गुलाबी जोडीदारणीबरोबर समुद्रापार निघून गेलं. कड्यावर उभा असलेला ॲश ओरडून निरोप देतो, मागे गाणं वाजतं. प्रसंग उत्तमच आहे. पण मला विचाराल तर तो जरा सोपा आहे. सगळ्यांना निरोप घेता आला, मनातलं बोलता आलं, गाणंसुद्धा मिळालं. मुलीची पाठवणी झाल्यावर रडतो तसं रडून माणूस मोकळा होतो.

पहिल्या सिनेमात ॲश दगड होतो तोही असाच. पिकाचू त्याला शॉक देऊन जागं करू पाहतो, पुन्हा पुन्हा देतो, शेवटी त्याच्या गालांतून ठिणगीसुद्धा निघत नाही. तिथपर्यंत मीही गलबलतो. मग सगळे प्राणी रडतात आणि त्या अश्रूंनी ॲश जिवंत होतो, तिथे माझं रडू थांबतं.

माझं रडू येतं ते वाट बघणाऱ्यांपाशी. पोकेमॉनमध्ये वाट बघणारे पावलोपावली भेटतात, आणि त्यांच्यातला पहिला भेटतो अकराव्याच भागात.

रस्त्याच्या कडेला एका खडकावर चारमँडर नावाचा सरड्यासारखा पोकेमॉन बसलेला असतो. त्याच्या शेपटीच्या टोकाला ज्योत असते. ती विझली की त्याचा जीव गेला, असा त्या जगाचा नियम. ॲश त्याला पकडायला जातो तर तो येत नाही, कारण मालकाने इथेच थांब, येतो म्हणून सांगितलंय. म्हणजे थेट पुंडलिकाचा विठोबाच, फक्त पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता आणि हा मालक, डॅमियन नावाचा मुलगा, पोकेमॉन सेंटरमध्ये (पोकेमॉनच्या दवाखान्यात) मित्रांसमोर हसत सांगत असतो की, त्या दुबळ्याला कसं टाकून आलो बघा. बाहेर पावसाला सुरुवात झालेली असते. नंतरचं दृश्य मी कितीदा पाहिलंय ते विचारू नका. चारमँडर तिथेच आहे, डोक्यावर झाडाचं पान धरून ज्योत वाचवतोय, आजूबाजूला स्पिअरो पक्षी त्याला टोचायला टपलेत. तो खडकावरून उतरत नाही. ॲश आणि त्याचा सोबती ब्रॉक त्याला कोटात गुंडाळून पळत नेतात, नर्स जॉय रात्रभर खटपट करून त्याला वाचवते.

आणि सकाळी तो पलंगावर नसतो. बरं वाटल्याबरोबर पुन्हा डॅमियनची वाट बघायला निघून गेलेला असतो. लेखकाने पावसाच्या रात्रीवरच गोष्ट संपवली असती तर ती दयेची गोष्ट झाली असती. हा उठून परत गेला, आणि आठवीतला मी टीव्हीसमोर घशात आवंढा घेऊन बसलो. पुढे डॅमियन हक्क सांगायला येतो तेव्हा चारमँडर त्याला पाठ दाखवतो, तो भाग टाळ्यांचा.

दुसरा वाट बघणारा पिजिऑट. हा जुना पक्षी ॲशबरोबर सुरुवातीपासून होता. पहिल्याच भागात ॲशने मारलेला दगड ज्या स्पिअरोला लागला होता, त्याचाच पुढे मोठा फिअरो झाला आणि जंगलातल्या पिजी या छोट्या पक्ष्यांना छळू लागला. ॲशने पिजिऑटला त्यांच्या रक्षणासाठी तिथेच ठेवलं आणि काम झालं की परत येतो म्हणाला. आला नाही. एक लीग (मोठी स्पर्धा) झाली, दुसरी झाली, प्रदेश बदलले, सोबती बदलले, ॲश दहा वर्षांचाच राहिला. आमच्या दहावी-बारावीच्या परीक्षा झाल्या, नोकऱ्या लागल्या. "पिजिऑटचं काय झालं?" हा चाहत्यांचा कायमचा टोमणा होऊन बसला. नोव्हेंबर २०२२मध्ये ॲश तोवरच्या विजेत्या लिऑनला हरवून जगज्जेता झाला. २५ वर्षांनी झाला म्हणून जगभर बातम्या आल्या. मला आनंद झाला, पेढेही वाटले असते, पण डोळे कोरडे. मग जानेवारी ते मार्च २०२३ त्याला निरोप द्यायला अकरा भाग आले आणि त्यांत अगदी शेवटाकडे पिजिऑट आला. अजून त्याच जंगलात, अजून तेच काम करत. तेव्हा बायको आतल्या खोलीतून बघायला आली, काय झालं म्हणून. आता तिला एका पक्ष्याची गेल्या चोवीस-पंचवीस वर्षांची थकबाकी कशी समजावणार?

ॲशची सोबतीण मिस्टी, तिची सायकल आठवते? पहिल्या भागात ॲशने नेली आणि पिकाचूच्या शॉकने जळाली ती. सायकलचे पैसे वसूल होईपर्यंत पाठ सोडणार नाही म्हणून ती त्याच्या मागे निघाली होती. वर्षानुवर्षं तो विनोदच होता. जोहतो या प्रदेशाचा प्रवास संपताना ती सायकल दुरुस्त होऊन समोर येते आणि त्याच वेळी मिस्टीला घरची जिम (पोकेमॉन लढतींचा आखाडा) सांभाळायला परतावं लागतं. सायकल मिळाली म्हणजे आता बरोबर फिरायला निमित्त उरलं नाही. मुलांच्या मालिकेत इतकी नेमकी जुळणी मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

गेममधले लोक तर याहून जास्त वाट बघतात. २०१३च्या एक्स आणि वाय या गेममध्ये एझी नावाचा अवाढव्य म्हातारा आहे, एके काळचा राजा. त्याचा लाडका फ्लोएट, फूल धरलेला छोटा पोकेमॉन, युद्धात मेला. त्याला परत आणायला राजाने यंत्र बांधलं, मग संतापाच्या भरात त्याच यंत्राचं शस्त्र केलं. आपल्याला जगवायला किती जीव घेतले हे कळल्यावर फ्लोएट त्याला सोडून गेला. एझी मात्र मरेना. तीन हजार वर्षं शोधत फिरतोय. गेम संपता संपता तो तुमच्याशी एक साधी लढत लढतो, हरतो, आणि वरून एक छोटंसं फूलधारी काहीतरी तरंगत खाली येतं. बाकी त्या गेमची कथा मला बेताचीच वाटते, पण एवढ्यासाठी सगळं माफ.

शेवटचा वाट बघणारा पडद्याच्या अलीकडचा. माझ्या मावसभावाला त्याच्या काकांनी दुबईहून पोकेमॉन गोल्ड या गेमचं कार्ट्रिज (गेमबॉयमध्ये घालायची गेमची डबी) आणलं होतं. आम्ही बाकीचे एम्युलेटरवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर गेमबॉयची नक्कल चालवणारे, त्यामुळे त्याचा थाट वेगळा. त्याच्या मुख्य पोकेमॉनचं नाव त्याने 'बाळ्या' ठेवलं होतं. त्या कार्ट्रिजमध्ये गेम जपून ठेवायला बारीक बॅटरी असते, आणि गोल्ड-सिल्व्हरमध्ये दिवसरात्रीचं घड्याळही तिच्यावरच चालतं, म्हणून ती लवकर संपते. लग्न झाल्यावर घर आवरताना त्याला ते सापडलं, सुरू केलं, तर पडद्यावर नवा गेम सुरू करा, एवढंच. बाळ्या गेला. फोन मला आला, मेहुण्याला नाही, कारण मेहुणा हसला असता.

म्हणूनच लोक आपले जुने पोकेमॉन पुढे पुढे नेत राहतात. २००२च्या रुबी-सफायर या गेममधला पोकेमॉन डायमंड-पर्लमध्ये, तिथून ब्लॅक-व्हाइटमध्ये, मग पोकेमॉन बँकेत आणि तिथून पोकेमॉन होममध्ये (या दोन्ही ऑनलाइन साठवणीच्या जागा) नेता येतो. दरवेळी एकाच दिशेने, मागचं दार बंद. त्यासाठी जुनी यंत्रं दुरुस्त करून ठेवणारे लोक आहेत. मूळ गोल्डच्या कार्ट्रिजला मात्र त्या साखळीत जागाच नव्हती. बाळ्या तसाही अडकलेलाच होता, असं मी भावाला म्हणालो. त्याला ते फारसं पटलं नाही.

आता तुमचा पुढचा प्रश्न, तोही ठरलेलाच: मग मुलांना दाखवू का? खुशाल दाखवा. फक्त अलोला या प्रदेशातला, २०१७चा तो लिटनचा भाग लागला की स्वयंपाकघरात जाऊ नका, शेजारी बसा. लिटन हे मांजराचं पिल्लू, चोरलेली फळं एका म्हाताऱ्या, खोकणाऱ्या स्टाउटलँडला नेऊन देतं. स्टाउटलँड हा कुत्रा, याला त्यानेच वाढवलेलं. झाडाची पानं गळत जातात आणि एक दिवस त्याची जागा रिकामी असते. लिटन तिथेच पडून राहतो, खात नाही, पावसातही हलत नाही. मेला हा शब्द अख्ख्या भागात कुणी उच्चारत नाही. त्यामुळे तो कुठे गेला हे पोरं तुम्हालाच विचारणार, आणि उत्तरही तुम्हालाच द्यावं लागणार.