तीन दोऱ्या वापरून पाहिल्या, दोष चकरीत होता

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गळाने मासे धरायच्या रॉडवरचं, दोरी गुंडाळायचं रील दुरुस्तीला दिलं. हातात परत आलं तेव्हा तुळशीची लग्नं लागून गेली होती. पाऊस सरून पाणी निवळलं की किनाऱ्यावरून गरवणाऱ्याचे हेच दिवस असतात. ते सहा आठवडे वाया गेले याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढतोय. दुसऱ्या कुणाचे तरी वाचावेत.

मी मालाडला राहतो. रविवारी मार्वेहून तरीने मनोरीला जायचं, खाडीच्या तोंडाशी खडकांवर उभं राहून कोळंबी लावून गळ टाकायचा, हा माझा शिरस्ता. नऊ फुटी रॉड आणि ४००० मापाचं स्पिनिंग रील. ऑगस्टपासून दोरी त्रास देऊ लागली. जरा सैल पडली की तिचा पीळ उसळून यायचा आणि स्वतःभोवतीच वेटोळी व्हायची. फेकताना दहा-बारा वेढे एकदम स्पूलवरून, म्हणजे दोरी भरलेल्या रिळावरून, सुटून रॉडच्या पहिल्या कडीत अडकायचे. भरती चढत असताना गुडघ्यावर बसून गुंता सोडवणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

दुकानदार म्हणाला, दोरी हलकी आहे, भारी घ्या. माझ्याकडे ०.३० मिलिमीटरचं तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी, होतं, त्याने ०.४० दिलं. त्रास वाढला. जाड तंगूस ताठ असतं, लहान स्पूलवर नीट बसत नाही, बेल, म्हणजे दोरी स्पूलवर वळवणारी तारेची कमान, उघडली की आपणहून उसळतं. मग म्हणाला, तंगूसच नको, विणलेली दोरी घ्या. तीही घेतली, दीडशे मीटर. ती मी सरळ स्पूलला बांधली आणि नवीनच तऱ्हा झाली. ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढेल तेव्हा दोरी सुटू देणारा ब्रेक, घट्ट आवळला तरी दोरी सरकत होती, कारण विणलेल्या दोरीचा अख्खा गठ्ठाच स्पूलवर गरागरा फिरत होता. खाली तंगूसचे आठ-दहा वेढे घेऊन त्यावर ती बांधली की हे थांबतं. हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही.

आता दुकानाचं. सर्व्हिसिंगला दिलं तेव्हा आठ दिवस सांगितले. आठव्या दिवशी ‘कारागीर गावी गेलाय’. पंधराव्या दिवशी ‘पार्ट मागवलाय’. कुठला पार्ट विचारलं तर उत्तर नाही. दिवाळीत दुकान चार दिवस बंद. ऑफिस सुटल्यावर चर्चगेटपर्यंत उलटं जाऊन मी पाच वेळा त्या काउंटरपाशी उभा राहिलो. पाचव्या खेपेला माझं रील मागच्या फळीवर, मी दिलेल्या त्याच पिशवीत, त्याच गाठीसकट दिसलं. तेव्हा मी आवाज चढवला. चढवायलाच हवा होता, आधीच. चार दिवसांनी रील मिळालं, सोबत साडेआठशेचं बिल. बाहेरून चकचकीत पुसलेलं, हँडलला भरपूर ग्रीस. रविवारी मनोरीला पहिल्या पाच फेकीत पुन्हा तोच गुंता.

शेजारी एक म्हातारे कोळी काका नुसत्या हातदोरीने गरवत होते. आयुष्यात रील धरलं नसेल त्यांनी. बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, “पोरा, दोरी ज्या चकरीवरून येते ती फिरते का बघ की.”

ती फिरत नव्हती.

बेलच्या एका टोकाला, दोरी जिथून वळून स्पूलवर जाते, तिथे नखाएवढा रोलर असतो. हँडल फिरवताना दोरीबरोबर तो फिरायला हवा. माझ्यात मीठ साचून तो दगडासारखा बसला होता. त्यामुळे दोरी त्यावरून घरंगळत न येता घासत, पीळ घेत येत होती. विणलेल्या दोरीला पुढच्या तीस-चाळीस मीटरवर तूस आली होती. ती खूण माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिला खडकाची घासण समजत होतो.

तुमचा रोलर तपासायचा असेल तर त्याच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका लावा, दोरीला शिसं बांधून ताणावर हळूहळू गुंडाळा आणि ठिपका फिरतो का ते बघा. दोरी सैल असेल तर चांगला रोलरही कधीकधी फिरत नाही, म्हणून वजन हवंच.

घरी येऊन रील तासभर कोमट पाण्याच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं, मीठ सुटावं म्हणून. मग बारका स्क्रू काढला. आतून हिरवट चिकटा निघाला. त्या साडेआठशेत हा स्क्रू उघडलेलाच नव्हता! रोलर, त्यातलं बारीक बेअरिंग आणि दोन वॉशर निघाले. काढायच्या आधी प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या आणि खाली पांढरं कापड अंथरा, ते वॉशर फरशीवर पडले तर सापडत नाहीत. सगळं रॉकेलमध्ये धुतलं, कोरडं केलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब दिला. इथे ग्रीस नको, त्याने रोलर जड होतो. पाऊण तासाचं काम.

दोरीतला आधीचा पीळ मात्र उरतोच. तो काढायला ओहोटीची वेळ गाठली. गळ, शिसं, भिंगरी सगळं काढलं, मोकळं टोक खाडीच्या ओढीत साठेक मीटर सोडलं, पाच मिनिटं राहू दिलं आणि चिमटीत ताण धरून परत गुंडाळलं. दोनदा केल्यावर दोरी शांत झाली. तूस आलेलं टोक आत आणि कोरं टोक बाहेर येईल अशी उलटून भरली. भरताना स्पूलच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवले. काठोकाठ भरलं की वेढे उडतात.

एक सांगायचं राहिलं, पीळ पडायचं दुसरं मोठं कारण आपल्या हातात असतं. मासा ओढत असताना, ड्रॅग सुटत असताना, हँडल फिरवू नका. माझ्या रीलचं प्रमाण ५.२ ला १ आहे, म्हणजे हँडलच्या वीस फेऱ्यांत बेल एकशेचार वेळा फिरते. दोरी आत येत नसेल तर तेवढे सगळे पीळ तिच्यात जातात. माशाला ओढू द्यावं, थांबला की रॉड उचलून मग गुंडाळावं. आणि फेकल्यावर बेल हाताने मिटवावी, हँडलच्या झटक्याने मिटवली तर पहिला वेढा सैल बसतो आणि पुढच्या फेकीला तोच बाकीच्यांना ओढून नेतो.

घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून मी रील नळाच्या बारीक धारेखाली धुतो, म्हणजे पाणी आत ड्रॅगपर्यंत जात नाही. वाळलं की ड्रॅग सैल करून ठेवतो. रोलर महिन्यातून एकदा उघडतो.

पुढच्या रविवारी सकाळी अडीच तासांत एकही गुंता नाही. साधारण किलोभराची एक तांब लागली, दोनदा खडकाकडे धावली, दोरी सुरळीत गेली आणि सुरळीत आली. काका नेहमीच्या जागेवर होते. ती तांब मी त्यांना दिली. काढून टाकलेली दोन्ही तंगुसं मार्वेच्या धक्क्यावर हाताने गळ टाकणाऱ्या पोरांना दिली. ती अजून वापरतात, दोन्ही चांगली आहेत.